सोनतुऱ्याची खातरजमा

२४ मार्च, सोमवार

हवामान कचेरीत बसून मी दिवसभर वारा लिहिते. किती, कुठून, किती उंचीवर. घरातला वारा कुठून कुठे वाहतोय हे मात्र कोणी विचारत नाही, आणि नवरा धरणाच्या साइटवर जाऊन बसल्यापासून ते ऐकायलाही कोणी नाही. म्हणून आजपासून इथे लिहिणार आहे. इथे निदान मध्येच कोणी 'रेंज नाही गं' म्हणून फोन ठेवणार नाही.

आज दोन घटना घडल्या. पहिली म्हणजे बटाटे जळले. अप्पांना मी बजावून गेले होते, ओव्हन वाजला की बंद करा. अप्पा म्हणजे माझे सासरे. वय ब्याऐंशी, प्रकृती ठणठणीत, स्वभाव त्याहून ठणठणीत. मी आले तेव्हा ते ओव्हनला पाठ लावून पेपर वाचत होते, ओव्हन पीं पीं करत होता आणि आत कोळसे झाले होते.

"अप्पा, वाजतोय ना!"

"कोण?"

"ओव्हन!"

"वाजला असता तर मी उठलो नसतो का? बिघडलाय तो तुझा. धूर होईपर्यंत गप्प होता."

ज्या माणसानं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून नुसत्या खरखरीवरून कोणत्या गल्लीतली तार भिजली आहे ते सांगितलं, त्याला हातभरावरचा ओव्हन ऐकू येत नाही म्हणे. मी मैत्रिणीशी फोनवर त्यांच्याबद्दल काही बोलले तर मात्र पलीकडच्या खोलीतून उत्तर येतं. हा घरकामाविरुद्धचा संप आहे. माझा नवराही असाच आहे, पण तो निदान संप करायला दोनशे मैल लांब गेला.

दुसरी घटना म्हणजे पक्षी मंडळानं मला कामाला लावलं. मंडळ म्हणजे भल्या सकाळी झाडाखाली माना वर करून उभे राहणारे वीसेक सज्जन. अप्पा त्याचे संस्थापक आणि खातरजमा समितीचे अध्यक्ष. कोणी म्हणालं, मी अमुक दुर्मिळ पाखरू पाहिलं, की समिती तपास करते. तपासाची रीत अप्पांनीच घालून दिली. अध्यक्षांनी त्या झाडाखाली तासभर बसायचं, दुर्बीण न घेता, डोळे मिटून. पाखरू ऐकू आलं तर नोंद, नाही आलं तर नाही. "डोळ्यांना हौस असते, सूनबाई," अप्पा म्हणतात. "जे पाहायचं असतं तेच त्यांना दिसतं. कानाला हौस नसते." याला मंडळात 'बैठक' म्हणतात. ती चालू असताना बाकीचे सभासद ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकांसारखे उभे असतात.

मंडळाचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. ते घरी येऊन म्हणाले, "वहिनी, वसंतात पाखरं वाऱ्यावर स्वार होऊन उत्तरेला जातात. तुम्ही तर वाऱ्याच्या उगमावरच बसलेल्या. कधी येतील ते आधी सांगत जा."

मला चिमणी आणि कावळा यातला फरक कळतो. तेवढ्या भांडवलावर मी हो म्हटलं, कारण अप्पा माझ्याकडे अभिमानानं बघत होते. आमच्याकडे हा प्रकार वारंवार होत नाही.

२ एप्रिल, बुधवार

माझा पहिला पक्षी-अंदाज तोंडावर पडला.

काल रात्रभर दक्षिणेकडून इतका सुंदर वारा होता की मलाच पंख लावून निघावंसं वाटलं. निरभ्र आकाश, पाठीला वारा. मी मंडळाला कळवून टाकलं, उद्या सकाळी झाडं लगडलेली असतील. सगळे सज्जन अंथरुणं सोडून टाकीवर गेले. आमच्या पाणीपुरवठ्याच्या जुन्या टाकीमागे पाइनची राई आहे, तो यांचा अड्डा. तिथे त्यांना दोन कबुतरं आणि एक फिरायला आलेलं कुत्रं दिसलं.

"वहिनी," सेक्रेटरींचा फोन, "कुत्र्याची नोंद करू का?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अप्पांनी चहा ढवळत शांतपणे समजावलं. वारा पाठीशी असला की पाखरं थांबतच नाहीत. थेट बस असते ती, मधले स्टॉप घेत नाही. रात्रभर आपल्या डोक्यावरून हजारो जातात आणि सकाळी झाड रिकामं. वारा तोंडावर आला, पाऊस आडवा आला, की बिचारी दमून जिथे असतील तिथे उतरतात. मग झाडं भरतात.

"म्हणजे पाखरांसाठी चांगली हवा, ती तुमच्यासाठी वाईट."

"बरोबर. तुझ्या खात्यानं ज्या दिवशी घराबाहेर पडू नका म्हटलं, त्या दिवशी आम्हाला बोलाव."

हा नियम मला पटकन कळला. आमच्या सासरचंच सूत्र आहे हे.

६ एप्रिल, रविवार

शुक्रवारपासून उत्तरेचा बोचरा वारा आणि रिपरिप. मी मंडळाला कळवलं, हवा अत्यंत वाईट, जरूर या. आणि झाडं खरोखर लगडली! अप्पांनी मलाही ओढून नेलं.

रेनकोट घालून चिखलात उभं राहण्यात काय सुख असतं ते मला अजून कळलेलं नाही, पण अप्पांना बघण्यात होतं. डोळे मिटून नुसते बोट दाखवत होते. "तो रॉबिन. तो काळा कस्तुर. त्या झुडपात वटवट्या, बघ, नावाला जागतोय." तिकडे खरंच एक भुरकं पाखरू शेजारणीसारखं न थांबता बोलत होतं. अप्पांचा चेहरा असा उजळला होता की सासूबाई असत्या तर त्यांना हेवा वाटला असता.

मंडळात एक गुरांच्या डॉक्टरीणबाई आहेत. चाळिशीच्या, उंच, हाताला कायम जंतुनाशकाचा वास. त्या म्हणाल्या, "आणि वर शेंड्यावर ती बारकी केवढी आहेत आज!"

"कुठली बारकी?" अप्पा म्हणाले.

बाईंनी दुर्बीण खाली घेतली. मग म्हणाल्या, "मला वाटलं तसं."

"वाटलं हाच आपल्या मंडळाचा मुख्य रोग," अप्पा म्हणाले आणि चार लोक हसले. बाई नाही हसल्या. त्या अप्पांकडे फार वेळ बघत राहिल्या. मला जरा उद्धट वाटल्या.

मी तर काही वेगळं ऐकलं नाही. वरच्या रस्त्यानं कोणीतरी सायकल घेऊन सारखं ये-जा करत होतं, तिचा ब्रेक करकरत होता. लोक तेल का घालत नाहीत कोण जाणे.

परत येताना अप्पा म्हणाले, वारा बदललाय, बारकी पाखरं आता आपल्या खोऱ्यातून जात नाहीत. तीन-चार वर्षं झाली. आधी सगळ्यात बारीक आवाजाची गेली. मग त्याहून जरा जाड आवाजाची. मग त्याहून. "एकेक खोली बंद करत जावं तसं झालंय. सकाळी उठतो, ऐकतो, अळणी लागतं."

मी विचारलं, वाऱ्याला आवाजाची जाडी कशी कळते?

त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. बारीक आवाज म्हणजे बारीक अंग, आणि बारीक अंगाला वारा जास्त ढकलतो. वरचा वारा सरकलाय, तो त्यांना डोंगरापलीकडून नेतो. मला पटलं. त्यांना या महिनाअखेरच्या वार्षिक सभेत यावर निबंध वाचायचा आहे. वाऱ्याचे आकडे मी द्यायचे.

१४ एप्रिल, सोमवार

रोज सकाळी आम्ही एक मोठा पांढरा फुगा सोडतो. तो वर जाता जाता वाऱ्याची खबर देतो आणि शेवटी फुटतो. नोकरीत बढती मिळालेल्या माणसासारखाच. त्याचे गेल्या काही वर्षांचे आकडे मी काढून बसले. वाऱ्याचे आकडे इतके असतात की त्यातून हवं ते सिद्ध करता येतं. दुपारपर्यंत मी अप्पांना हवा तसा वारा सरकवून दिला.

एकच अडचण आली. रडार. रडारवर पाखरांचे थवेही दिसतात. आमच्या दृष्टीनं तो कचरा, सॉफ्टवेअर तो पुसून टाकतं आणि मागे नुसता पाऊस ठेवतं. मी न पुसलेली चित्रं मागवली. पाच तारखेच्या रात्री आमच्या खोऱ्यावर नुसता सडा पडलेला. मागच्या वसंतातही, त्याच्या आधीही. म्हणजे पाखरं पूर्वीइतकीच येताहेत, उतरताहेत.

रडार म्हणतं आली, अप्पा म्हणतात बारकी नाही आली. मी अप्पांची बाजू घेतली. रडारला टेकडीसुद्धा ढग वाटते. ती चित्रं मी निबंधात घातली नाहीत, उगाच गोंधळ.

संध्याकाळी अप्पांना वाऱ्याचे नकाशे दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे खरंच गेली तर," ते म्हणाले. मला वाटलं होतं खूश होतील.

२० एप्रिल, रविवार

कालपर्यंत चार दिवस पूर्वेचा वारा हटून बसला होता. कधी नव्हे तो इतका सलग. असा वारा सुटला की नेहमीची वाट सोडून भलतीकडे फेकलेली पाखरं सापडतात, म्हणून मंडळ हावरट होऊन फिरत होतं. आणि काल डॉक्टरबाईंनी बातमी दिली, टाकीमागच्या पाइनवर सोनतुरा आहे.

सोनतुरा म्हणजे अंगठ्याएवढं पाखरू, डोक्यावर पिवळी रेघ. आमच्या मंडळाच्या नोंदीत आजवर एकदाच आला आहे, अप्पांनीच ऐकला होता, तरुणपणी. त्या दिवशीची गोष्ट त्यांनी मला लग्नानंतर आठवडाभरात सांगितली होती. तेव्हा मला वाटलं होतं की सोनतुरा हे त्यांच्या जुन्या मैत्रिणीचं नाव असावं.

आज बैठक झाली. अप्पा घडीच्या खुर्चीवर बसले, डोळे मिटले. आम्ही सगळे लांब उभे. उत्तरेचा वारा सुरू झालाय, बारीक पाऊस, कोणी हललं नाही. पाखरू दाट फांद्यांत, कोणालाच दिसेना. मध्ये मध्ये डॉक्टरबाई माझा दंड धरून पुटपुटायच्या, "आत्ता! आत्ता गातोय!" मी कान टवकारून ऐकलं. मला वरच्या रस्त्यावरची ती सायकलच ऐकू आली. रविवारी पावसातसुद्धा हा मनुष्य फिरतो म्हणजे कमाल आहे. बाकीच्यांकडे पाहिलं, तर ते अप्पांच्या तोंडाकडे बघत होते. अप्पांनी मान हलवली की हलवायची, अशी यांची पक्षीनिरीक्षणाची पद्धत.

तास झाल्यावर अप्पा उठले. "नाही."

"अप्पा, तो आत्तासुद्धा..." बाई म्हणाल्या.

"बाई, झाड माझ्या डोक्यावर होतं. वारा तुमच्या बाजूनं माझ्याकडे होता. पान पडलं तरी मला ऐकू येत होतं. तुम्हाला सोनतुरा हवा होता, म्हणून तो आला." मग जरा थांबून, "वाटायला लागलं की माणसानं नोंदी करायचं थांबवावं."

सेक्रेटरी म्हणाले की पुढच्या रविवारच्या वार्षिक सभेत नोंद रीतसर नाकारली जाईल. दाताच्या डॉक्टरांचा आवाज असा असतो की आपल्याला आधीच दुखायला लागतं.

बाईंचे डोळे भरले होते. पण रागानं नव्हे. त्या अप्पांकडे बघत होत्या, आणि मला त्या नजरेचा अर्थ लागला नाही. मी असते तर खुर्ची उलटी केली असती.

२२ एप्रिल, मंगळवार

लिहायला हात होत नाही.

कचेरीत जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, हा सोनतुरा गातो तरी कसा ते ऐकावं. कॉम्प्युटरवर शोधलं, बटण दाबलं.

सायकलचा ब्रेक.

तोच. बारीक, टोकदार, वर चढत जाणारा, करकर करकर, आणि शेवटी एक गिरकी. मी तो किती वेळा ऐकला होता. शपथेवर सांगितलं असतं की झाडावर पाखरू नाही.

पहिल्यांदा हसले. बाजूच्या टेबलवरच्या बाईंनी विचारलं काय झालं. सांगायला तोंड उघडलं आणि तोंड उघडंच राहिलं. मला ब्रेक का होईना, ऐकू आला होता. अप्पांना काय ऐकू आलं होतं?

घरी आले. अप्पा स्वयंपाकघरात बसून ब्रेडला लोणी लावत होते. मी त्यांच्या मागे उभी राहिले, मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला आणि सोनतुरा लावला. खिडकीवरचं मांजर दचकून उठलं. अप्पांनी लोणी कडेपर्यंत नीट पसरलं. मग इतर लावले. त्यांनी एप्रिलच्या सहा तारखेला नाहीत म्हणून सांगितलेले, एकेक. ते ब्रेड खात होते. सगळ्यात शेवटी वटवट्या लावला.

"अरे!" ते वळले, चेहरा असा फुललेला. "वटवट्या! खिडकीत?"

"मोबाइल आहे, अप्पा."

"होय का," ते म्हणाले आणि हिरमुसले.

मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. मग ओव्हनची आठवण झाली आणि स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटली. संप म्हणे.

२३ एप्रिल, बुधवार

नवऱ्याला फोन केला. आज नेमकी रेंज होती.

"सांगू नकोस," तो म्हणाला. "या वयात कशाला?"

"रविवारी ते सभेत उठून सांगणार आहेत की बारकी पाखरं या खोऱ्यातून गेली. आणि त्या बाईंना खोटं पाडणार आहेत."

"मग सांग. पण हळू सांग."

"हळू सांगितलं तर ऐकू येणार नाही!"

तो हसला, मग मीही. मग "ठेवतो" म्हणाला, आणि या वेळी रेंजचं कारण दिलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेले. त्या हात धूत होत्या. मी एवढंच म्हटलं, "अप्पांना..." आणि त्या म्हणाल्या, "मागच्या वसंतापासून माहीत आहे मला."

"तुम्हाला?"

"माझ्याकडे म्हातारी कुत्री येतात. मालक म्हणतो, हल्ली हट्टी झालाय, हाक मारली तरी बघत नाही. मी त्याच्या मागे उभी राहून किल्ल्या वाजवते." त्यांनी हात पुसले. "अप्पांच्या मागेही एकदा वाजवल्या. मला माझीच लाज वाटली."

"मग सोनतुऱ्याचं कळवलंत कशाला?"

"कारण तो होता हो! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यावर सोनतुरा गातोय, आणि अप्पांना नको सांगू? मला वाटलं, याचा तरी आवाज पोचेल. वेड्यासारखं." मग म्हणाल्या, "मी नोंद मागे घेते. माझी चूक झाली असं लिहून देते. पाखरू नोंदीत नसलं म्हणून काही झाडावरून उडत नाही."

मी म्हटलं, मग अप्पा उरलेली सगळी वर्षं रिकाम्या झाडांखाली बसतील.

"आणि सांगितलंत तर भरलेल्या झाडांखाली बसतील, पण ऐकू काही येणार नाही. कानाला यंत्र लावता येईल, बोलणं नीट ऐकू येईल, ओव्हनही येईल. इतकं बारीक नाही यायचं बहुतेक. दोन्हींत कमी वाईट कुठलं ते घरच्या माणसानं ठरवायचं."

घरचा माणूस म्हणजे मी. बाकीचा घरचा माणूस धरणावर.

२५ एप्रिल, शुक्रवार

अजून सांगितलं नाही. काल तीनदा तोंड उघडलं, तीनदा चहा घेता का विचारलं. अप्पांनी तिन्ही वेळा घेतला. रात्री झोप लागली नाही म्हणून मलाच दोष.

आजचा फुगा सांगतोय की उत्तरेचा वारा दमलाय. शनिवारी संध्याकाळपर्यंत फिरेल, दक्षिणेचा होईल, आकाश निवळेल. मी रोज अंदाज लिहिते, शेतकरी आणि वैमानिक वाचतात. आज पहिल्यांदा मीच तो दोनदा वाचला. वारा तोंडावर आहे तोवरच तो पाइनवर अडकून पडलाय. उद्या संध्याकाळी वाट मोकळी झाली की निघेल.

म्हणजे उद्या सकाळ. तेवढीच.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी म्हटलं, अप्पा, टाकीवर चला. ते म्हणाले, बैठक झाली आहे. मी म्हटलं, माझ्यासाठी चला. माझ्यासाठी असं मी त्यांना कधी म्हटलेलं नाही. ते निमूट बूट घालायला लागले.

पाइनखालच्या बाकावर बसलो. वारा कमी झाला होता, फांद्यांवरून थेंब गळत होते. मी भाषण पाठ केलं होतं. वयानुसार, नैसर्गिक आहे, सगळ्यांनाच, असं बरंच. पहिलं वाक्यही आठवेना. आणि डोक्यावर ब्रेक करकरला.

"अप्पा, तो गातोय."

"कोण?"

"सोनतुरा. आत्ता. मला ऐकू येतोय."

"तुला!" ते हसले. "तुला चिमणी तरी..."

"तुम्हाला ऐकू येत नाही, अप्पा. बारीक आवाज येत नाहीत. ओव्हन येत नाही. मी मंगळवारी तुमच्या मागे मोबाइलवर सगळे लावले होते. तुम्ही ब्रेड खात होतात."

असं सांगितलं. ज्याला नवरा हळू म्हणतो ते असं.

त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, पाहवला नसता. ते म्हणाले, "माझ्या कानांवर शंका घेतेस? चाळीस वर्षं या कानांवर माणसं..." आणि उठायला लागले. तेवढ्यात पाखरू पुन्हा गायला आणि मला काही सुचलं नाही, मी त्यांचा हात बाकावर दाबून धरला आणि त्याच्या पाठीवर बोटानं वाजवलं. जसं वर चाललं होतं तसं. हलकं हलकं, भरभर, चढत.

"हे काय?"

"तो. असा गातोय."

हात ओढून घेतील असं वाटलं. घेतला नाही.

"पुन्हा," ते म्हणाले.

"तो गायल्यावर."

आम्ही थांबलो. थेंब गळत राहिले. तो गायला. मी वाजवलं.

"आणि शेवटी?"

"शेवटी सगळं एकदम सांडल्यासारखं." मी पाचही बोटं त्यांच्या हातावर सोडली.

त्यांनी डोळे मिटले. पुढच्या वेळी माझी बोटं थांबायच्या आधी त्यांनीच शेवटची गिरकी बाकावर वाजवली, बरोब्बर. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

"सोनतुरा," अप्पा म्हणाले. "दुसरा कोणी असा सांडत नाही."

त्यांनी हात तसाच ठेवला. मी आपली तो गाईल तसं वाजवत होते. मग म्हणाले, "म्हणजे ते येत होते."

"हो. रडारवर दिसतात. दरवर्षी."

"सगळे?"

"सगळे."

"येतच होते, सूनबाई," ते म्हणाले, आणि ब्याऐंशी वर्षांचा हा माणूस चिखलात बूट रोवून लहान मुलासारखा रडला. मला आधी वाटलं कानांसाठी. पण ते हसतही होते.

नाक पुसून झाल्यावर म्हणाले, "तुला आधी काय वाटलं होतं त्याचा आवाज?"

मी खरं सांगितलं.

"सायकलचा ब्रेक!" ते इतके मोठ्यानं हसले की पाखरू दुसऱ्या झाडावर गेलं. "डॉक्टरबाईंना सांगू नकोस हो. घराण्याची अब्रू जाईल."

२७ एप्रिल, रविवार

वारा काल संध्याकाळी फिरला. माझा अंदाज तासाचाही चुकला नाही. चुकला असता तर चाललं असतं.

सभा झाली. अप्पा निबंध न घेताच उठले. म्हणाले, "बारकी पाखरं आपल्या खोऱ्यातून पूर्वीसारखीच जातात. हवामान कचेरीच्या रडारवर दिसतात, आणि ज्यांना कान आहेत त्यांना ऐकू येतात. मला येत नाहीत. कधीपासून ते मला ठाऊक नाही, कारण बंद झालेला आवाज निरोप घेऊन जात नाही. या काळात मी ज्यांच्या नोंदी नाकारल्या त्या सगळ्या पुन्हा तपासाव्यात. डॉक्टरबाईंचा सोनतुरा खरा आहे. मी त्याची खातरजमा केली आहे."

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "ती कशी, अप्पा? म्हणजे, ऐकू येत नसताना?"

"सुनेच्या हातून," अप्पा म्हणाले. "तुमच्या नियमात बसत नसेल तर नियम बदला. मीच केलाय तो, मला त्याचं काही वाटणार नाही."

नियम बदलला. यापुढे बैठकीला तीन माणसं बसायची, निरनिराळ्या वयांची. ठराव सेक्रेटरींनीच मांडला, त्यांना मुळापाशी जायची सवयच आहे.

नंतर चहाला अप्पा डॉक्टरबाईंजवळ गेले. मी शेजारी बिस्किटं मोजत असल्यासारखी उभी राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर माझं ऐकून का घेतलंत?"

"अप्पा, मला डोळे मिटून ऐकायला तुम्ही शिकवलंत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कसं सांगणार होते?"

अप्पांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, मग ओशाळून हात काढला आणि मला म्हणाले, "बिस्किटं मोजतेस की खातेस?"

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी उठले तर अप्पा बूट घालून दारात.

"रात्रभर दक्षिणेचा वारा होता," मी म्हटलं. "तो गेला असणार."

"एखादा आळशी असतो. मागे राहतो. चल."

कचेरीत उशिरा येते म्हणून कळवलं, कारण काही सांगितलं नाही. काय सांगणार?

ऊन पडलं होतं, राई वाळत होती. खालच्या झुडपात वटवट्याची बडबड चालू होती, ती अप्पांनी मान डोलवून मान्य केली. मग बाकावर बसले, डोळे मिटले आणि हात माझ्या बाजूला बाकावर ठेवला, पालथा. डॉक्टरकडे नाडी बघायला ठेवतात तसा.

मी माझी बोटं त्यावर ठेवली आणि ऐकायला लागले. इतकं लक्ष देऊन मी आजवर काही ऐकलेलं नाही. पाइनच्या सुया घासत होत्या. खूप लांब एक ट्रक गेला. वर शेंड्यावर काहीही नव्हतं, अगदी काहीही. वरच्या रस्त्यावरसुद्धा काही करकरलं नाही.

माझी बोटं हलली नाहीत. अप्पांनी वाट पाहिली.

"नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बघ हं नीट. शेंड्यावर."

"नाही, अप्पा. गेला."

त्यांनी हळूच मान हलवली. डोळे उघडले नाहीत आणि हातही काढला नाही. आम्ही तसेच बसून राहिलो, त्या रिकाम्या झाडाखाली, आणि आज आम्हा दोघांनाही सारखंच काही ऐकू येत नव्हतं.